कानांची यादी

गोदीच्या आरोग्य विभागात तीन टेबलं होती आणि तिसऱ्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला सगळे पट्टीवाला म्हणत. तोंडावर पट्टीवाले, पाठ फिरली की पट्टीवाला. त्याच्याकडे प्लॅस्टिकची एक पारदर्शक फूटपट्टी होती आणि ती तो कागदाला कमी, संगणकाच्या पडद्याला जास्त लावायचा. पडद्यावरचे आकडे एकाखाली एक सरळ आलेत की नाहीत हे तो पट्टी टेकवून बघे. एखादा आकडा केसभर सरकलेला दिसला की भातात खडा लागल्यासारखं तोंड करी, आणि ज्याच्या हातून तो सरकला त्याची मग धडगत नसे.

असा माणूस मनानं मात्र चांगला असतो, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ह्याच्याबद्दल तसं कुणी म्हणत नसे. बाप गेला त्या दिवशी दवाखान्याच्या दाखल्यावर मृत्यूची वेळ बारा मिनिटांनी चुकली म्हणून ह्यानं डॉक्टरला जिन्यातून परत बोलावलं होतं. दाखला दुरुस्त होऊन येईपर्यंत धाकटी बहीण बाकावर एकटीच रडत बसली होती. लग्नही झालं होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यानं चिठ्ठ्या लावल्या, बायकोनं साखर चुकून मिठाच्या डब्यात भरली, त्यावर तो तीन दिवस बोलत राहिला आणि चौथ्या दिवशी ती माहेरी गेली. ती परत आली नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या अजून तशाच होत्या.

बावीस वर्षं नोकरी झाली तरी त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. साहेब खोलीत आले की पहिल्या टेबलाशी बोलत, दुसऱ्याशी हसत आणि तिसऱ्याच्या वरच्या घड्याळाकडे बघून निघून जात. हे त्याला आतून खात होतं. आपल्याएवढं नीट काम सबंध गोदीत कुणी करत नाही आणि आपल्याला कुत्रं विचारत नाही, हा हिशेब तो रोज घरी नेई आणि रोज परत आणी.

मग कानांचं यंत्र त्याच्या मदतीला आलं.

गोदीत जहाजांची दुरुस्ती चाले. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटत असे. त्यामुळे प्रत्येक कामगाराचे कान वर्षातून एकदा तपासायचे असा नियम होता. त्यासाठी एक बंद काचेची खोली होती. चार-चार माणसं आत बसत, कानांवर हेडफोन चढवत, हातात बटण धरत. यंत्र बारीक शिट्टी वाजवी, हळूहळू मोठी करत नेई, आणि ऐकू आली की माणसानं बटण दाबायचं. किती मोठ्या आवाजाला बटण दाबलं तो आकडा यंत्र लिहून ठेवी. आकडा जितका लहान तितका कान चांगला. सगळ्यात मोठ्या शिट्टीलाही बटण दाबलं गेलं नाही, तर यंत्र तिथं काहीच लिहीत नसे. जागा कोरी सोडून पुढं जाई. ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याच्यापुढं लिहायचं तरी काय, असं ते बनवणाऱ्याला वाटलं असावं.

बाहेर आलं की डोळ्यांच्या तक्त्यापुढं उभं करत आणि ते आकडेही त्याच यंत्रात भरत. ह्या यंत्रातून निघणारी फाइल म्हणजे नुसता गोंधळ. एका माणसाची एक ओळ. आधी बिल्ला नंबर, मग डावा कान, उजवा कान, डावा डोळा, उजवा डोळा, शेवटी शेरा, तो बहुधा कोराच. पण दोन आकड्यांच्या मध्ये ना रेघ ना स्वल्पविराम, फक्त मोकळी जागा. तीही कुठं तीन घरांची, कुठं सातची. वरच्या कार्यालयानं नवी प्रणाली घेतली, आणि तिला प्रत्येक आकड्यानंतर स्वल्पविराम लागे. नाहीतर ती सगळी ओळ एकाच रकान्यात कोंबून मोकळी होई. अकराशे माणसांचे आकडे पहिल्या आणि दुसऱ्या टेबलाच्या बायका दोन महिने हातानं भरत बसल्या. संगणक विभागाकडं मदत मागितली तर त्यांनी सांगितलं, तुमच्या संगणकावर नवीन काहीही टाकायला परवानगी नाही.

पट्टीवाल्यानं नवीन काही टाकलंच नाही. विंडोजमध्ये मुळातच जे असतं त्यावर त्यानं भागवलं. नोटपॅडमध्ये एकाखाली एक आज्ञा लिहायच्या, फाइल बॅच म्हणून साठवायची, तिच्यावर दोनदा टिचकी मारली की काळी खिडकी उघडते आणि आज्ञा आपापल्या क्रमानं चालतात. हे तो मदतीची पानं वाचून वाचून शिकला. पाच आठवडे जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तो काळ्या खिडकीशी झगडला. शेवटी जमलं. फाइल एकेक ओळ उचलायची, मोकळ्या जागेवर तिचे तुकडे पाडायची, तुकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम घालून नवी ओळ लिहायची. काम झालं की यंत्राची मूळ फाइल पुसून टाकायची, कारण गचाळ वस्तू जपून ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. फाइलीला त्यानं ‘सरळ’ नाव दिलं.

दोन महिन्यांचं काम चार सेकंदांत झालं. मोठे साहेब स्वतः बघायला आले. काळी खिडकी उघडली, मिटली, आणि पडद्यावर सगळे आकडे शिस्तीत उभे. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वा. हे तुम्ही केलंत?” त्या दिवशी तो घरी चालत गेला. बसमध्ये कुणाचा धक्का त्या खांद्याला लागू नये असं त्याला वाटत होतं.

आणि ह्याच फाइलीत एक भोक होतं. बॅचची ही आज्ञा तुकडे पाडताना मोकळी जागा किती आहे ते मोजत नाही. तीन घरं असोत की तीस, तिच्या लेखी ती एकच फट. म्हणजे एखादा रकाना कोरा असेल तर तिला तो दिसतच नाही, ती पुढचा आकडा ओढून त्याच्या जागी बसवते. रांगेतला एक जण घरी गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढं सरकतात, तसं. ज्याचे दोन्ही कान कोरे, त्याच्या कानांच्या रकान्यात त्याच्या डोळ्यांचे आकडे येऊन बसायचे. डोळ्यांचे आकडे बहुतेकांचे असायचे सहा नाहीतर नऊ, म्हणजे नजर ठीक. कानाला सहा म्हणजे पाळण्यातल्या पोराचा कान. मागं डोळ्यांचे रकाने रिकामे राहत, पण चष्मा घरी विसरलेल्यांचेही ते रिकामेच असत, त्यामुळं कुणी विचारलं नाही. पट्टीवाल्यानं फाइल तपासली होती ती कार्यालयातल्या चाळीस माणसांवर. त्यांचे कान शाबूत होते. आकडे सरळ आले, पट्टी टेकवून पाहिली, झालं.

आता त्याच्या मेव्हण्याबद्दल सांगायला हवं. धाकट्या बहिणीचा नवरा गोदीतच होता. अठरा वर्षं तो जहाजांच्या पोटात शिरून हातोडीनं गंज उडवत होता. मोठा, मऊ माणूस. त्याला मोटारीची घरघर ऐकू येई, दार आपटलेलं ऐकू येई, पण बारीक आवाज आणि माणसांचे शब्द कधीचेच गेले होते. तो समोरच्याच्या ओठांकडं बघून भागवी आणि जिथं भागत नसे तिथं हसे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. कानांच्या तपासणीत नापास झालेल्याला गोदीतून काढत आणि महिन्याच्या आत क्वार्टर रिकामं करून घेत. दोन खोल्या, मागं नळ, मुलीची शाळा रस्त्यापलीकडं. ती जागा गेली असती तर त्या तिघांना जायला दुसरीकडं कुठं नव्हतं.

‘सरळ’च्या पहिल्या वर्षी मेव्हणा काचेच्या खोलीत बसला, बटण हातात धरलं आणि शेवटपर्यंत दाबलं नाही, कारण दाबण्यासारखं काही ऐकूच आलं नाही. आजवर तो शेजाऱ्याचं बटण बघून आपलं दाबी, पण ह्या वेळी चौघांना एकमेकांकडं पाठ करून बसवलं होतं, त्यामुळं खोटं दाबायचं तर कधी, हेही कळेना. दुसऱ्या दिवशी यादी लागली. डावा कान सहा, उजवा नऊ. तो यादीपुढं बराच वेळ उभा राहिला. मग तिसऱ्या टेबलाशी आला, पट्टीवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “दादा, हे उपकार मी विसरायचो नाही.”

पट्टीवाल्याला वाटलं, यादी दोन महिन्यांऐवजी एका दिवसात लागली त्याचं हे कौतुक आहे. घरातलं कुणीतरी एकदाचं कौतुक करतंय म्हणून तो खुलला. “त्यात काय,” तो म्हणाला, “एका क्लिकचं काम.”

मेव्हण्यानं त्याचे ओठ नीट वाचले आणि डोळ्यांत पाणी आणून निघून गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा सहा आणि नऊ. त्याच वर्षी एका रविवारी पट्टीवाला बहिणीकडं जेवायला गेला. ती आतून नवऱ्याला हाका मारत होती, तो खिडकीशी पाठमोरा बसून होता. चौथ्या हाकेला ती बाहेर आली, हातातली पळी तिनं टेबलावर आपटली आणि भावाला म्हणाली, “बघतोस ना? असं चालतं रोज. भिंतीशी बोलल्यासारखं. मला वाटायला लागलंय, ह्यांच्या कानांत काही बिघाड आहे.”

“बिघाड?” पट्टीवाला हसला. हसताना तो नेहमी आधी ओठ पुसून घेई. “अगं, सबंध गोदीत पहिला नंबर आहे जावईबापूंच्या कानांचा.”

“काहीतरीच.”

“माझ्या हातची यादी आहे.” आणि दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच यादी छापून नेली, टेबलावर पसरली, पट्टी ओळीखाली धरली आणि बहिणीला आकडे वाचून दाखवले. “सहा म्हणजे कळतं का तुला? तुझा-माझा पंधरा येईल. ह्यांना भिंतीपलीकडची मुंगी ऐकू येत असणार.”

बहिणीनं यादीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. “म्हणजे मुद्दाम,” ती म्हणाली.

मेव्हणा दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होता. काय चाललंय ते त्याला उमगलं. दादा हे सोंग घरातही निभावतोय, बाहेर फुटू नये म्हणून बहिणीलाही सांगत नाही, असं त्यानं मनाशी धरलं आणि खाली मान घालून हसला. त्या हसण्यानं बहिणीची उरलीसुरली शंका गेली.

त्यानंतर त्या घरात त्याला हाक मारणं बंद झालं. ती जे काय ते एकदाच बोले, तेही चुलीकडं तोंड करून, आणि उत्तर आलं नाही की भांडी बोलत. आठ वर्षांची मुलगी बापाच्या पाठीमागं उभी राहून त्याला हळू आवाजात वाटेल ती नावं ठेवी आणि तो वळतो का ते बघे. तो वळत नसे. “बाबा किती छान नाटक करतात,” ती मामाला सांगे, आणि मामा म्हणे, “त्यांचा पहिला नंबर आहे बाळा, नाटकातसुद्धा.” ह्या विनोदावर तो स्वतःच बऱ्याच वेळा हसला.

तिसऱ्या वर्षी गोदीत नवा इंजिनीअर आला. क्रेनच्या खाली एक माणूस उभा असतो. वरून शिट्टी आली की ओझं खाली येतंय असं समजून त्यानं खालची जागा मोकळी करायची आणि स्वतःही बाजूला व्हायचं. त्या जागेला चांगला कान हवा. इंजिनीअरनं कानांची यादी मागवली, चढत्या क्रमानं लावली आणि वरून पहिला बिल्ला नंबर उचलला.

मेव्हणा धावत तिसऱ्या टेबलाशी आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, “दादा, हे जास्त होतंय.”

“जास्त काय त्यात? पहिला नंबर तुमचाच आहे. मी काय तो दुसऱ्याला देऊ?”

मेव्हणा परत फिरला. आता माघार घ्यायची म्हणजे कान दाखवायचे, आणि कान दाखवायचे म्हणजे दादाला अडकवायचं. तो क्रेनखाली जाऊन उभा राहिला. शिट्टी ऐकू येत नव्हती म्हणून त्यानं जमिनीवरच्या सावलीवर नजर ठेवायची युक्ती काढली. वरच्या ओझ्याची सावली सरकली की तो हात हलवून सगळ्यांना मागं घेई आणि स्वतः हटे. शिट्टी वाजायच्या आधीच हा हटतो, काय कान आहेत, असं लोक म्हणू लागले. पट्टीवाल्यापर्यंत हे आलं तेव्हा तो म्हणाला, “मी काय उगाच सांगत होतो?”

अकरा महिने हे चाललं. मग एक दिवस सकाळपासून आभाळ भरून राहिलं. जमिनीवर कशाचीच सावली नव्हती. वरून पोलादाचा पत्रा खाली येऊ लागला, शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, वरचे लोक ओरडले. मेव्हणा डोळे फाडून जमिनीकडं बघत जागच्या जागी उभा होता. पत्र्याची कड त्याच्या उजव्या पायावर आली आणि गुडघ्याखालचा पाय तिथंच राहिला.

चौकशी लागली. वरच्या कार्यालयातून पत्र आलं, यंत्राची मूळ फाइल पाठवा. मूळ फाइल ‘सरळ’ पुसून टाकते असं उत्तर पट्टीवाला लिहिणार होता, पण शिस्तीचा माणूस, म्हणून त्यानं काचेच्या खोलीतलं यंत्रही एकदा उघडून पाहिलं. यंत्रानं स्वतःपुरती एक प्रत ठेवली होती. जेवणाची सुट्टी होती. त्यानं ती आपल्या संगणकावर उतरवून उघडली, बिल्ला नंबर शोधला आणि पट्टी पडद्याला लावली.

नंबर होता. मग लांबच लांब कोरी जागा. मग सहा, मग नऊ.

त्यानं पट्टी पुसून पुन्हा लावली. मग तो वरखाली शोधू लागला. अशा कोऱ्या कानांच्या आणखी अठरा ओळी निघाल्या. मेव्हणा धरून एकोणीस. यादीतले पहिले एकोणीस कान म्हणजे गोदीतले एकोणीस बहिरे होते. त्यानं त्यांना निवडून, क्रमानं लावून, वर पाठवलं होतं.

त्याला घाम फुटला हे खरं. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढं आला हेही खरं. पण त्याच्या हातांनी काय केलं, तर नोटपॅड उघडलं. चूक दिसल्यावर ती तशीच ठेवून उठणं त्याला जमण्यातलं नव्हतं. ओळीचे तुकडे पाडायचेच नाहीत, सबंध ओळ उचलायची आणि जागा मोजून कापायची. सातव्या घरापासून चार घरं डावा कान, अकराव्यापासून चार उजवा, तिथं आकडा असो वा नसो. चार आज्ञा बदलल्या, ‘सरळ’ चालवली. एकोणीस माणसांच्या कानांचे रकाने कोरे आले, डोळे डोळ्यांच्या जागी गेले, सगळं जिथल्या तिथं. आणि ते बघून त्याला बरं वाटलं. मेव्हण्याचा पाय दवाखान्यात कापडात गुंडाळलेला असताना ह्या माणसाला आपली फाइल नीट चालली ह्याचा आनंद झाला, आणि तो त्यानं पुरता उपभोगला.

मग भीती आली. हे कागद वर गेले की साहेब म्हणणार, हे तुम्ही केलंत? पाय काही परत येणार नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. यंत्रातली प्रत पुसली. नवीन निघालेली यादीही पुसली. जुन्या आज्ञा तर आता उरल्याच नव्हत्या. बाकीचे अठरा जण पुढच्या तपासणीपर्यंत आपापल्या जागी तसेच उभे राहणार, हा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. त्यानं डबा उघडला. भाजी गार झाली होती.

चौकशीच्या दिवशी बहीण बाहेरच्या बाकावर बसली होती. मेव्हणा शेजारी, काखेत कुबड्या. तिनं भावाला बाजूला घेतलं. “दादा, ह्यांचीच चूक ठरली तर पंधरा दिवसांत घर खाली करायला सांगितलंय. हा असा माणूस घेऊन मी कुठं जाऊ? तुझा शब्द चालतो इथं. काहीतरी बघ ना.”

“बघतो,” तो म्हणाला.

आत तीन अधिकारी होते. मधल्या बाई बोलत, बाकीचे दोघे लिहून घेत. बाईंनी विचारलं, तुमच्या यादीत ह्यांचे कान उत्तम दाखवलेत, ही नोंद बरोबर आहे का? पट्टीवाला म्हणाला, बरोबर आहे. मूळ फाइल? ठेवत नाही. मग मेव्हण्याला बोलावलं. दार उघडंच होतं. बाईंनी प्रश्न विचारला, तेव्हा त्यानं त्यांच्या ओठांकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या पट्टीवाल्याकडं बघितलं, आणि म्हणाला, “शिट्टी ऐकू आली होती. माझंच लक्ष नव्हतं.”

बाहेर बहिणीनं कपाळावर हात मारून घेतला. “ऐकलंत ना सगळ्यांनी?” ती शेजारच्या शिपायाला म्हणाली. “येतं ह्यांना ऐकू. एवढी वर्षं माझ्याशीच ढोंग.”

मेव्हणा कुबड्या टेकत बाहेर आला. पट्टीवाला मागोमाग आला. व्हरांड्यात मेव्हण्यानं त्याचा खांदा धरला, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि हळूच सांगावं तसं सांगितलं. पण स्वतःचा आवाज ज्याला ऐकू येत नाही त्याला हळू म्हणजे किती हे कसं कळणार? ते सबंध व्हरांड्यानं ऐकलं, आतल्या तिघांनी ऐकलं.

“दादा, काळजी करू नका. मी बहिरा आहे हे कुणाला कळणार नाही. तुम्ही माझ्यासाठी यादीत खोटे आकडे घातलेत, तीन वर्षं घर राखलंत. आज माझी पाळी होती.”

शिपायाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आतून बाईंचा आवाज आला, “दोघंही परत आत या.”

पट्टीवाला टेबलापुढं उभा राहिला. बाई काही दुष्ट नव्हत्या, त्या समजावून सांगितल्यासारखं बोलल्या. “हे बघा. ह्यांना ऐकू येत नाही हे आता दिसतंय. प्रश्न एवढाच आहे की ही नोंद आली कुठून. तुमच्या त्या फाइलीत काही गफलत असेल तर आत्ता सांगा. मग चूक गोदीची. ह्यांचं घर राहील, फाटकावर बसायचं काम मिळेल, आणि तुम्हाला फार तर एक ताकीदपत्र. पण तुम्ही जाणूनबुजून आकडे बदलले असतील तर ती दोघांची मिलीभगत झाली. मग मला दोघांनाही घरी पाठवावं लागेल, आणि ते क्वार्टर जाईल. नीट विचार करून सांगा. तुमची फाइल चुकली का?”

सगळं त्याच्या हातात आणून ठेवलं होतं. एक शब्द बोलायचा होता, हो. दारात बहीण उभी होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

पट्टीवाल्याला ती खोली दिसत नव्हती. त्याला दिसत होतं ते आपलं टेबल. पहिल्या आणि दुसऱ्या टेबलाच्या बायका एकमेकींकडं बघून हसताहेत. साहेब येतात, त्याच्या टेबलावरून नजर नेऊन घड्याळाकडं बघतात. पट्टीवाल्याची फाइल चुकली, इतकी वर्षं पट्टी घेऊन बसला आणि बहिऱ्यांना पहिला नंबर दिला, हे गोदीभर होणार, जेवणाच्या सुट्टीत होणार, तो मेल्यावरही होणार. चोर म्हटलेलं त्याला चाललं असतं. नातेवाइकासाठी लबाडी केली, ह्यात निदान डोकं तरी लागतं.

“फाइलीत चूक नाही,” तो म्हणाला. आवाज स्वच्छ निघाला. “एकही नाही. आकडे मी बदलले. मुद्दाम.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही शेजाऱ्यांना लिहून घ्यायला सांगितलं. नोकरी दोघांची. घर पंधरा दिवसांत.

बाहेर आल्यावर बहिणीनं त्याचा हात धरला आणि तो गालाला लावून ती रडू लागली. “मी तुला किती बोलले, दादा. बाबा गेले त्या दिवसापासून मनात धरून बसले होते की तुला कुणाची माया नाही. आणि तू आमच्यापायी स्वतःची भाकरी घालवलीस.” पट्टीवाल्यानं हात सोडवून घेतला नाही. नको म्हणाला नाही. हे प्रेम त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं आणि त्याला ते आवडलं.

मेव्हणा कुबडीवर तोल सावरत दोघांच्या तोंडांकडं बघत होता. आत शेवटी काय ठरलं ते त्याच्या हाती लागलं नव्हतं. “काय म्हणाले?” त्यानं विचारलं. “घराचं काय झालं?”

बहिणीनं डोळे पुसले. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि एकेक शब्द सावकाश, ओठ पुरते हलवत म्हणाली, “घर गेलं. पण दादानं आपल्यासाठी होतं नव्हतं ते सगळं केलं.”

मेव्हण्यानं ते वाचलं. मग त्यानं पट्टीवाल्याकडं बघून हात जोडले, आणि पट्टीवाल्यानं, असू दे, अशी मान हलवली.